वाकळीला कात्री

छत्रपती संभाजीनगर
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यांना,
रूपाचा जय भीम.

मी इकडे बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? राजकुमारशी माझं नवरा-बायकोचं नातं राहिलं नाही, पण सासूच्या गुडघ्याची बातमी मला तोच देतो. एवढं त्याचं बरं आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही पहिल्यांदा "जेवलीस का?" विचारता. ते ऐकलं की मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं, मग आपण भाजीचं बोलतो आणि फोन ठेवतो. दोन वर्षं असंच चाललं आहे. पत्रात तुम्हाला मधेच विचारता येणार नाही.

माझी खोली तुम्ही अजून पाहिली नाही. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर आहे. लोक तिला स्टुडिओ म्हणतात, त्यांचं ऐकून मीही म्हणते. आत एक सतरंजी, एक लोखंडी कपाट आणि चार विटा. वाकळ शिवताना कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवते. आपल्याकडे एका कोपऱ्यावर पाटा असायचा, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर खलबत्ता, आणि चौथ्यावर तुम्ही मामंजींना पेपर देऊन बसवायच्या. तासभर हलायची सोय नसायची बिचाऱ्यांना.

बोहारीण दर गुरुवारी जुन्या साड्या आणून देते. मी त्या धुऊन गच्चीवर वाळवते, मग निवडते. रंग बघून नाही. तुम्ही शिकवलंत तशी प्रत्येक साडी गालाला लावते आणि टोचेल ती बाजूला टाकते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हसतात. रंगांचंही तुमचंच चालवते. भांडणारे दोन रंग शेजारी बसवायचे आणि मधे एक गरीब रंग घालायचा, म्हणजे दोघं गप राहतात. हे मी एका कॉलेजात व्याख्यानात सांगितलं, तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

सून होऊन देवगावला आले तेव्हा मला धड बटण लावता येत नव्हतं. दुपारी भांडी झाली की तुम्ही वाकळ अंथरायच्या. तुम्ही एका कडेनं, मी समोरच्या. तुमचा टाका तांदळाएवढा. माझा पाहून तुम्ही म्हणालात, "ह्यो तर हरभऱ्याएवढा हाय. ऱ्हाऊ दे. पाय अडकून कुणी पडलं नाय म्हंजे झालं." एकदाही उसवायला लावला नाहीत. कडेनं शिवत शिवत आपण मधे यायचो आणि आपल्या सुया एकमेकींना लागायच्या. राजकुमारचं आणि माझं जमलं नाही, त्यात फारसा दोष कुणाचाच नव्हता. पण कोर्टाचे कागद झाले त्या दिवशी मला रडू आलं ते नवऱ्यासाठी नाही, त्या दुपारांसाठी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते.

पुण्याच्या प्रदर्शनात एका बाईनं माझी मुलाखत घेतली, तिचा व्हिडिओ राजकुमारनं तुम्हाला मोबाइलवर दाखवला म्हणे. त्या बाईनं विचारलं, प्रेरणा कुठून मिळाली? मी म्हटलं, आजीकडून. आमच्या आजीनं जन्मात सुई धरली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सासू म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न नवऱ्याचा आला असता, म्हणून आजी. ती लहानशी थाप सोडून द्या.

राजकुमार म्हणाला, माझ्या मागच्या भिंतीवरचं काम दिसलं तसा तुम्ही व्हिडिओ थांबवायला लावला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि विचारलं, "हे पांढरं कशाचं हाय रे?" नंतर व्हिडिओ पुरता संपायच्या आत उठून आत गेलात. त्यानं हे सांगितल्यापासून माझा हात चालत नाही. रोज सुई ओवते आणि तशीच खोचून ठेवते.

आत्या, ते पांढरं मामंजींचं धोतर आहे.

मामंजी गेले त्याच वर्षी मी घर सोडलं, आणि निघताना तुम्ही मला नवी वाकळ शिवून दिलीत. तीच ती. पुण्याचं बोलावणं आलं तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि भिंतीवर जागा मिळाली होती ती तोकडी. मी ती वाकळ काढली आणि कात्रीनं तिचे चार तुकडे केले. वाकळीला कात्री लावायची नसते, जुनी झाली की तिच्यावर नवी चढवायची असते, हे तुमचं म्हणणं मला तोंडपाठ होतं. तरी लावली. कापलेल्या कडेतून आतला थर बाहेर आला, तोवर आत काय घातलंय ते मला ठाऊक नव्हतं. त्यावर निळ्या दोऱ्याचं रफू होतं. ते माझंच. पांढरा दोरा संपला होता म्हणून मी निळा घेतला, तर मामंजी म्हणाले होते, "निळं बरं हाय, आपलाच रंग हाय."

मी रडले. पण रडून झाल्यावर ते शिवून बंद केलं नाही. कड आणखी उलगडली आणि पांढरं वर काढलं, कारण ते सुंदर दिसत होतं. मला माझीच लाज वाटते ती याची. लोक नेमके तिथंच थांबले. माझं नाव झालं ते त्या पांढऱ्यावर. त्यानंतर प्रत्येक कामात मी तसं पांढरं शोधते. बाजारातून धोतरं आणून पुन्हा पुन्हा धुतली, पण तसं येत नाही. तुमच्या हातानं तीस वर्षं धुतलेलं ते पांढरं होतं, मी एकटी कुठून आणणार.

चार तुकड्यांपैकी एक पुण्यात राहिला, एक दिल्लीला गेला, दोन माझ्याकडे आहेत. जानेवारीत इथं शहरात माझं मोठं प्रदर्शन आहे आणि पहिल्याच भिंतीवर ते दोन लावायचं ठरलं आहे. तुम्ही नको म्हणालात तर लावणार नाही, देवगावला आणून तुमच्या हातात देईन. लाव म्हणालात तर खाली आधी तुमचं नाव, मग माझं. काहीच कळवलं नाहीत, तर नकोच असं समजेन.

घरच्या माणसाला न विचारता भिंतीवर टांगणारी,
रूपा


देवगाव रंगारी
१७ डिसेंबर २०२४

रूपा,
जय भीम. मी सांगते अन् राजकुमार लिहून घेतो. त्याला बजावलंय, मी म्हणते तसंच लिही, शाळेतलं मराठी करू नको.

गुडघा हाय तसाच हाय. तेल लावते.

वाकळ मी टाक्यावरनंच वळखली. पांढरं कशाचं हे मला इचारायची काय गरज, माझ्या हातानं घातलंय. राजाला ठावं हाय का ते बघत व्हते. त्याला नव्हतं. तुझं पत्र वाचून दाखवताना कळलं, तवा चष्मा पुसत बसला.

कात्री लावलीस ते वाईट केलंस. दोन दिस लई जिवाला लागलं. मग म्हणलं, धोतर काय मी घरात ठिवायला घातलं नव्हतं. पोरगी एकटी शहरात ऱ्हाणार, अंगावर घरातलं कुणीतरी असावं, म्हणून त्या वाकळीत घातलं. तू पांघरायचं सोडून भिंतीला लावलंस. आता ह्यांचं बघ. जितेपणी लासूर स्टेशनाला जाऊन नुसती गाडी बघून माघारी यायचे, कधी बसले नाय. अन् आता एक तुकडा पुण्यात, एक दिल्लीत. फिरू दे. ऱ्हायलेले दोन बी लाव. नाव तुझंच आधी असू दे. शिवलं मी, पर भिंतीला टांगायचं माझ्या सात जन्मात ध्यानात आलं नसतं.

मी उठून आत गेले ती पांढऱ्यापायी नाय. तू म्हणतीस लहान थाप, सोडून द्या. ती मला सोडवंना. व्हिडिओ बघायला गल्लीतल्या बाया बसल्या व्हत्या. त्या बाईनं इचारलं कुणी शिकवलं, तशी मी पदर नीट करून बसले. मला वाटलं आता माझं नाव घेती. तुझ्या ओठावर आलं व्हतं, मी बघितलं. अन् तू म्हणलीस, आजी. बायांनी माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणणार व्हते?

जगात सासूला कुणी चांगलं म्हणत नाय, रूपा. टीव्ही लाव न्हायतर शेजारी कान दे, सासू म्हंजे वाईटच. मी तुझ्याशी वाईट वागले का? कोर्टात तुम्ही दोघांनी सह्या केल्या. माझी सही कुणी घेतली नव्हती, अन् मागितली असती तर मी दिली नसती.

जानेवारीत मी येते. पुढच्या खुर्चीत बसते. कुणी इचारलं तर सगळ्यांदेखत म्हण, सासूनं शिकवलं. मोठ्यानं म्हण, मला हल्ली कमी ऐकू येतं. नवऱ्याचं इचारलं तर राजा माझ्याशेजारीच बसंल, बोट करून दाखव.

राजा इचारतो, शेवटाला काय लिहू. त्याला म्हणलं, जे हाय ते लिही.

तुझी सासू,
भामाबाई मोतीराम