वाटाण्याएवढी पृथ्वी, माळाएवढी आर्द्रा

बाई,

परवा माझ्या मुलीने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आधी चंद्र येतो, त्याच्या शेजारी पृथ्वी, मग गुरू, मग सूर्य, आणि मग सूर्यही ठिपक्यासारखा दिसू लागेल असे एकेक तारे सरकत येतात. त्यामागे गंभीर संगीत. तिला बारावीत मनासारखे गुण पडले नाहीत, तेव्हापासून ती घरात असून नसल्यासारखी वावरते. व्हिडिओ संपला तशी म्हणाली, "बघितलंस ना आई? आपण कोणीच नाही. मग कशासाठी एवढा आटापिटा?" मी कुकर लावत होते. "ताटं घे," एवढंच म्हटलं. आणि जेवताना, भात कालवता कालवता, मी कुडपणच्या शाळेच्या अंगणात जाऊन पोहोचले.

भातकापणी आटोपून गेलेली. कोवळं ऊन, वारा थंड. तुम्ही अंगणात दोरी धरून गोल फिरताय आणि मागे मागे चुन्याची रेघ उमटतेय. लहान मुलीने दोन्ही हात पसरावेत एवढं वर्तुळ. "हा सूर्य," तुम्ही म्हणालात. आम्ही घरून काय काय आणलं होतं! गुरूसाठी बेलफळ, शनीसाठी तुम्ही महाडहून आणलेलं मोसंबं, युरेनस आणि नेपच्यूनला दोन लिंबं. त्यातलं एक मी आईच्या नकळत उचललं होतं, त्याबद्दल संध्याकाळी बोलणी खाल्ली ती वेगळी. मंगळ मिरीचा दाणा, बुध मुगाचा, शुक्र एक वाटाणा. आणि दुसरा वाटाणा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. ही पृथ्वी. तिच्यापासून वीतभर आणि वर चार बोटांवर राईचा दाणा, तो चंद्र. "आता पृथ्वी घेऊन चालायला लाग, मी थांब म्हणेपर्यंत," तुम्ही म्हणालात. मी चालले. अंगण संपलं, पायवाट संपली, देऊळ मागे पडलं, तेव्हा लांबून तुमची हाक आली. मागे वळून पाहिलं तर चुन्याचा सूर्य दिसतच नव्हता. मी पृथ्वी एका सपाट दगडावर ठेवली, चंद्र ठेवला, आणि तुम्हाला हात करायला वळले. तेवढ्यात एक कोंबडी आली आणि तिने पृथ्वी गिळली.

मी धावत येऊन सांगितलं तेव्हा सगळ्या वर्गाला धस्स झालं होतं. पहिलीतली एक पोर तर भोकांड पसरून रडली, आता आपण कुठे राहायचं म्हणून. तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. आम्ही तुम्हाला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग पदराच्या टोकाने डोळे टिपले आणि म्हणालात, "चला, दुसरी पृथ्वी आणू."

त्याच दिवशी तुम्ही आम्हाला माळावर नेलंत. म्हणालात, "तुमची आर्द्रा असते ना, पाऊस लागला की घरात जिचं नाव निघतं, तिची एक तांबूस चांदणी आहे. सूर्य आपल्या अंगणातल्या वर्तुळाएवढा धरला, तर ती केवढी असेल?" कोणी म्हणालं शाळेएवढी, कोणी म्हणालं देवळाएवढी. तुम्ही शाळेकडून कड्यापर्यंत हात फिरवलात. हा सगळा माळ. "नक्की माप कुणालाच ठाऊक नाही, पण एवढी तर नक्कीच." पिवळं पडलेलं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत होतं, आणि मला वाटत होतं की आपण ताऱ्याच्या पोटातून चाललोय, त्याला अजून कळलेलं नाही एवढंच.

माघात बाबा गेले. मुंबईत खानावळीत काम करायचे, शिमग्याला घरी यायचे. त्या वर्षी शिमग्याच्या आधीच जीपमधून आले, चादरीत गुंडाळलेले. दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत आले आणि मधल्या सुट्टीत तुम्हाला विचारलं, "बाई, त्या वाटाण्यावर माझे बाबा केवढे होते?" तुम्ही खोटं बोलणाऱ्या नव्हतात. म्हणालात, "दिसणार नाहीत इतके लहान, बाळ." मी दप्तर उचललं आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मग एका संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. आई चुलीपुढे भाकऱ्या थापतेय. तुम्ही पाट न घेता जमिनीवरच बसलात. आई म्हणाली, "बाई, तिला आता मुंबयला धाडते. मामा बोलला तिचा, एका घरात पोर सांभाळायचं काम हाय."

"तिने मला एक विचारलं होतं," तुम्ही म्हणालात. "मी खरं तेच सांगितलं, पण तेवढ्यावर सोडायला नको होतं."

मी कोनाड्यापाशी उभी होते. आईला सगळं ठाऊक होतं, मी रडून सांगितलं होतं. तिने भाकरी परतली. मग विचारलं, "ती तुमची आर्द्रा खरंच माळाएवढी हाय?"

"हो."

"मग हितून टिकलीएवढी कशी दिसते?"

"लांब आहे म्हणून."

आईने निखारे पुढे ओढले, भाकरी त्यांवर उभी केली. "मंग माणूस पन लांबून मापू नाय, बाई," ती म्हणाली. "तो शिमग्याला यायचा तेवा ह्या घरात हालायला जागा नसायची." आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर रडली.

तुम्ही तिला थोपटलं नाहीत, समजूत काढली नाहीत. ती शांत झाल्यावर म्हणालात, "तिला मुंबईला नका पाठवू. महाडला माझ्या घरी राहू द्या. माझी आई एकटीच असते, तिला सोबत होईल, आणि ही शाळेत जाईल."

"लोकाच्या घरात पोर ठेवू कशी, बाई?"

"मुंबईचं घरही लोकांचंच ना?"

आईने तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जाशील गो?" म्हणाली. मी मान हलवली. तिने तुमच्या हातावर गरम भाकरी ठेवली. तुम्ही ती तशीच, कशाशीही न लावता खाल्लीत.

आता मी महाडलाच असते. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली डोकं घालून बसायचं, काचेवर पसरलेल्या थेंबात गुलाबी गोल तरंगताना बघायचे. कुणाला ताप असतो, कुणाचं रक्त कमी असतं, आणि ते सगळं नुसत्या डोळ्यांना कधीच दिसले नसते एवढ्या लहान कणांवरून कळतं. कधी कधी नजर लावून बघत राहिलं की तो थेंब आकाशासारखा वाटायला लागतो, मग कोणीतरी रिपोर्ट मागायला येतं.

रविवारी मी मुलीला कुडपणला घेऊन गेले. कशाला, ते सांगितलं नाही. पोलादपूरपर्यंत एसटीने, पुढे जीपने. शाळेपासून कड्याच्या दिशेने चालायला लागलो, आणि चालता चालता तिला कोंबडीची गोष्ट सांगितली. ती हसली, बाई. कितीतरी दिवसांनी. मग तिच्या आजीने चुलीपुढे काय म्हटलं तेही सांगितलं. तिचं दुःख एका माळाने मिटणार नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं. अर्ध्या वाटेवर ती गवतात बसली, मीही बसले. खाली दरीत ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकत होत्या. "आजोबा कसे होते गं?" तिने विचारलं. हे तिने कधीच विचारलं नव्हतं. मी सांगू लागले: ते आले की आधी मागच्या दारी जाऊन कसे पाय धुवायचे, हसताना तोंडावर हात कसा ठेवायचे, मुंबईहून आणलेली खारी कशी चुरा होऊन यायची आणि आम्ही तो चुराच कसा वाटून घ्यायचो. ऊन कलेपर्यंत मी बोलत होते.

तुम्ही आता नाहीत, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुमचा आवाज मला आता आठवत नाही. तुमचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं, पण कानात येतं ते आईच्या आवाजात, 'नाय' आणि 'हाय' करत, जसं तुम्ही महाडच्या असल्यामुळे कधीच बोलला नाहीत. दोघींना वेगळं करायचा मी खूप प्रयत्न केला. आता करत नाही.