डावीकडचा ब्रेक

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या बायकोचं प्लॅस्टर सोमवारी काढलं. हात अजून काठीसारखा वाळलेला दिसतो, पण बोटं हलतात, आणि काल तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. जेवण बरं आहे. झोपही बरी आहे असं ती म्हणते. हाडांचे डॉक्टर मात्र पुन्हा तेच विचारत होते: गाडी धडकताना माणूस हात पुढे करतो, तोंडावर घेतो, हिचा हात असा खालच्या बाजूने कसा मोडला? मी म्हटलं, कुणास ठाऊक. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

माझं विचारशील तर गाडी शिकवण्याचे वर्ग जोरात चालू आहेत. सध्या एक कारकून येतो. चांगला आडदांड माणूस, पण गिअर खरखरला की गाडीला ‘सॉरी’ म्हणतो. गेल्या आठवड्यात एका कारखान्यात भाषण झालं. चालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि फाटकाबाहेर पडल्यावर तेच एकमेकांना मागे टाकण्यासाठी जीव काढत होते. तुझी ताई घसा फोडते आणि जग हॉर्न वाजवतं. असो.

फोन असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. ते पुढे येईलच. आधी तिच्या पायाबद्दल लिहिते.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना टेबलाखाली ‘थप्’ असा आवाज झाला. तिच्या उजव्या पायाचा तळवा फरशीवर दाबला गेला होता. मला हसू आलं. वाईट चालकाच्या शेजारी बसलेला प्रत्येक माणूस हे करतो. जिथे ब्रेक नाही तिथे ब्रेक दाबतो. माझा तर हा धंदाच. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक खराखुरा ब्रेक असतो, माझ्या पायाखाली. तो दाबून दाबून माझा पाय आता जिन्यावरसुद्धा ब्रेक शोधतो. मी तिला म्हटलं, “अगं, तू तर माझ्यापेक्षा सवाई निघालीस!” ती हसली नाही. चोरी पकडली गेल्यासारखा तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

मग एका सकाळी थप् झालं आणि दूध उतू गेलं. तू म्हणशील, दूध काय, उतू जातंच. बरोबर. पुन्हा एकदा थप् झालं आणि शेजारच्या शिंपिणीच्या दुकानातली फळी कोसळली. मीही मनाशी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. मी कशी आहे ते तू जाणतोस. गंडेदोरे मी गाडीजवळ फिरकू देत नाही. घरात पुस्तकांच्या राशी आहेत, आणि जे पटत नाही त्याच्याशी भांडल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पण या आवाजाशी भांडायचं कसं? तो आधी यायचा. नेहमी आधी. मी कामं करता करता कान देऊ लागले, आणि तो आला की हातातलं काम टाकून नुसती उभी राहू लागले.

मंगळवारी तिला घरात एकटं ठेवणं जिवावर आलं, म्हणून वर्गाच्या गाडीत मागे बसवलं. कारकून चालवत होता. रंगाच्या कारखान्याच्या भिंतीलगतचा रस्ता, भर दुपार, समोर चिटपाखरू नाही. मागून थप् झालं. आणि माझ्या पायाने, मला न विचारता, माझा ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी खिळली. कारकुनाचं नाक स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं.

“मॅडम, समोर कुणीच नाही हो! माझं काय चुकलं?”

मी तोंड उघडणार तोच कारखान्याच्या उतरत्या फाटकातून एक भलंमोठं पत्र्याचं पिंप गडगडत बाहेर आलं, आमच्या नाकासमोरून रस्ता पार करून पलीकडच्या भिंतीवर आदळलं आणि उभं फाटलं. त्याच्यामागून एक हमाल, चपला हातात घेऊन, “धरा, धरा!” करत धावत आला. आता काय धरायचं होतं, देव जाणे.

कारकुनाने कपाळाचा घाम पुसला. “तुम्हाला कळलं कसं?”

“अनुभव,” मी म्हटलं, आणि आरशात पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते.

बुधवारी तुझा फोन आला. मागे हॉर्न वाजत होते, म्हणजे तू गाडी चालवत होतास. “रविवारी येतो तिला न्यायला. नवी गाडी आहे ताई, चार तासांचा रस्ता अडीच तासांत काढतो की नाही बघच तू!” मी म्हटलं, आधी फोन ठेव. तू म्हणालास, “झालं तुझं भाषण सुरू!” म्हणून हे पत्र. मी फोन केला तर तू तो उचलशील, आणि कुठल्या वळणावर उचलशील हे मला कळायचं नाही.

फोन ठेवून मागे वळले तर ती दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, “रविवारी?” मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. तेव्हापासून तो पाय थांबलेला नाही.

थप्. मग बराच वेळ काही नाही. थप्, थप्. पुन्हा शांतता. पण आता घरात काहीच घडत नाही. दूध उतू जात नाही, फळी पडत नाही. आवाज होतो आणि त्याच्यामागून काहीही येत नाही. मला पिंपाची भीती वाटली नव्हती रे. याची वाटली.

काल लांब्या चहाला आला. माझा जुना विद्यार्थी, आठवतो का? दार वाकून ओलांडणारा. तो आता तुमच्या गावाची बस चालवतो. स्वयंपाकघरात बसून तो कंडक्टरच्या नकला करत होता, आणि मध्येच गप्प झाला.

“ताई, बाहेरच्या खोलीत गाडी कोण चालवतंय?”

“गाडी कसली? भावजय बसलीय माझी.”

त्याने बशी खाली ठेवली. डोळे मिटले. बघता बघता त्याचाही पाय हलायला लागला. “वजनकाटा,” तो म्हणाला. थप्. बऱ्याच वेळाने, “लाकडाच्या वखारीचं दुहेरी वळण.” थप्, थप्. त्याने डोळे उघडले. चेहरा उतरला होता. “हा माझा रस्ता आहे, ताई. रोजचा. पण मी इतका जोरात नाही येत.”

धाकट्या, तिने तो रस्ता पाहिलेलाच नाही. मी इथे राहायला आल्यापासून ती पहिल्यांदाच येतेय, आणि मी तिला आणलं ते औषधाच्या गुंगीत, बसच्या मागच्या बाकावर, डोक्यावरून पांघरूण घेऊन.

आम्ही दोघं दाराशी जाऊन उभे राहिलो. शाळेपाशी पाय लागोपाठ पडला, जणू दोन मुलांच्या मधून वाट काढायची होती. पुढे खडीच्या खाणीचा लांब उतार लागला, तसा तो दाबलेलाच राहिला. नखं पांढरी पडली. लांब्या माझ्या कानाशी पुटपुटत होता, “गिअर उतरव रे, बाबा. उतरव गिअर.” उताराच्या तळाशी पुलाखालचं वळण आहे. तिथे तिने दोन्ही पाय अलगद उचलून खुर्चीवर घेतले, आणि गुडघ्यांना मिठी मारली.

मी विचारलं, “काय झालं गं?”

“आता उपयोग नसतो, ताई,” ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, दिवे गेले हे सांगावं तशी. “ब्रेकची वेळ मागे राहिली.”

थोड्या वेळाने पाय पुन्हा खाली आले. पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या बाजाराचा चौक, रेल्वे फाटक, तोच रस्ता, तीच धाव, तोच शेवट. पुलापासून माझं घर हाकेच्या अंतरावर आहे म्हण ना. तिथवर ती एकदाही पोचलेली नाही. पुलापुढचा रस्ता त्या पायाला माहीत नाही.

लांब्याला बसची वेळ झाली, तो गेला. मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिनेच सांगितलं.

“कुत्रं नव्हतं, ताई.”

गावभर, नातेवाइकांत, पोलिसांत, तू एकच सांगितलंस, की कुत्रं आडवं आलं म्हणून गाडी धडकली. बिचाऱ्या कुत्र्याला कशाला बदनाम केलंस रे?

त्या दिवशी गाडीत ती तुला ‘जरा हळू’ म्हणाली. तू हसलास. तिचा पाय मॅटवर दाबला गेला, तर तू म्हणालास, “तुझ्याकडे ब्रेक आहे होय? दाब की. जितक्यांदा दाबशील तितक्यांदा दहाने वाढवीन.” आणि तू वाढवलास. ती पाय आवरायची, तो तिला न जुमानता पडायचा, आणि काटा चढायचा. शेवटी तिने दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून ठेवला, पाय दाबला जाऊ नये म्हणून. समोर रस्त्यात उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली तिला दिसत होती. तू तिच्या पायाकडे बघून हसत होतास. ती ओरडली नाही, कारण ओरडलं तरी वाढवशील असं तिला वाटलं.

म्हणून हात खाली होते. डॉक्टरांना आता मी उत्तर देऊ शकते.

मी याला वेगाची हौस म्हणणार नाही. भरधाव गाडीतून माणूस उतरून जाऊ शकत नाही, आणि तुला नेमकं तेच हवं होतं. दार लावून बायकोला मारणाऱ्याला लोक निदान तोंडावर शिव्या तरी देतात. तू तेच रस्त्यावर केलंस आणि लोकांनी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, नशीब, थोडक्यात वाचलात! मी पस्तीस शाळांतून ओरडून सांगितलेलं तुला घरात सांगायचं राहिलं असेल तर आता ऐक. शेजारचा माणूस पाय दाबतो तेव्हा तो तुझ्या कौशल्याचा अपमान करत नसतो. त्याचा जीव तुझ्या पायाखाली असतो, आणि तो तुझ्याकडे तो परत मागत असतो. ज्याला हे मागणं ऐकून हसू येतं, त्याला सायकलसुद्धा देऊ नये. आणि तो माझा भाऊ आहे म्हणून तर मुळीच देऊ नये.

आता नीट वाच. रविवारी गाडी काढू नकोस. त्याच्या आदल्या दिवशी नको आणि नंतरही नको. हे पत्र लांब्या उद्या तुझ्या हातात देईल. तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचेस्तोवर दारातून हलायचं नाही, असं त्याला सकाळी फोनवर बजावलंय. तो म्हणाला, “तुमचा भाऊ मला दोनदा चुकीच्या बाजूने कापून गेलाय, ताई. पत्र देतो, पण माझ्या शिव्या मी वेगळ्या देणार.” देऊ दे. हक्क आहे त्याचा. रविवारी त्याच्याच बसने ये. डावीकडच्या खिडकीशी बस, आणि तो रस्ता एकदा दुसऱ्याच्या हाताने बघ. पुलाखाली आलास की तुझा पाय कुठे जातो, तेही बघ.

ती तुझ्याबरोबर परत येईल का, ते ना मी ठरवणार ना तू. मी तिला विचारलं. ती म्हणाली, “आधी त्यांना पोचू दे.”

यात काही नसेलही. घाबरवलेल्या बाईचा पाय असेल नुसता, आणि लांब्याने त्याला आपला रस्ता चिकटवला असेल. मला तसंच मानायला आवडेल. माझं सगळं वाचन त्याच बाजूचं आहे. तसं असेल तर तुझे दीड तास वाया जातील. नसेल तर काय, ते वाक्य मी लिहायला घेतलं होतं. पुरं होत नाही.

आत्ता ती तिथेच बसली आहे. शाळा मागे पडली. उतार लागला की मी तिच्याजवळ जाऊन बसते, कारण पाय वर घेताना तिला हुडहुडी भरते आणि कुणीतरी धरावं लागतं. म्हणून आवरतं घेते.

मी तुझ्यावर इतकी रागावले आहे की या कागदावर त्यातला चौथा हिस्साही उतरलेला नाही. बाकीचा तोंडावर ऐकवायचा आहे. तो मला तुझ्या फोटोसमोर उभं राहून बोलायचा नाही, धाकट्या. तेव्हा ये. चार तास लागू देत, सहा लागू देत.

तुझ्या उशिराची वाट बघणारी,
ताई