बबडीसाठी केलेलं रेकॉर्डिंग

४ मे, सकाळी
बँड पुन्हा एकत्र येतोय. शेवटची टूर. चौघांतला ड्रमवाला गेला, पण गायक आहे. गायक आहे म्हणजे सगळं आहे.
बातमी ऑफिसात वाचली, लिफ्ट कंपनीच्या तक्रार-फोनवर बसून. एक बाई लिफ्टमध्ये अडकून फोनवर होती, तिला होल्डवर ठेवलं आणि ऑनलाइन रांगेत घुसलो. दोन तिकिटं. स्टेजसमोरची, उभं राहायची. तीही नेमकी आमची मुलगी बबडी परदेशात राहते त्या शहरात. याला योगायोग म्हणत नाहीत, बोलावणं म्हणतात.
बाई सुखरूप निघाली. नंतर साहेबांकडे तक्रार केली. लोकांत संयम म्हणून राहिलेला नाही.

४ मे, संध्याकाळी
हिला अजून सांगितलेलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ही चिडचिडी झाली आहे. योग्य वेळ पाहून सांगेन.

९ मे
बबडीचा फोन आला होता. हिच्याशीच बोलली. जावई वेगळा राहायला गेला. भांडणं वर्षभर चालू होती म्हणे. मला कुणी काही बोललं नव्हतं. या घरात मला शेवटी कळतं आणि मग मलाच विचारतात की तुमचं लक्ष कुठे असतं.
ही रडली. म्हणाली, माझा गुडघा असा, तुम्ही तरी जा तिच्याकडे. मी म्हटलं, जायलाच हवं. जूनचा शेवटचा आठवडा सुचवला. हिने विचारलं, लगेच का नाही. मी म्हटलं, रजा मिळणार नाही. साहेबांना विचारलेलं नाही, पण विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते.
हिने माझा हात हातात घेतला. कितीतरी वर्षांनी. म्हणाली, तुम्ही नुसते तिच्या शेजारी उभे राहिलात तरी पुरे.
आता कॉन्सर्टचं सांगणं बरं दिसलं नसतं.

१२ मे
निश्चय.
रोज उभं राहण्याचा सराव. ऑफिसात खुर्ची वापरायची नाही.
वजन कमी. कॉलेजातला बँडचा टी-शर्ट पुन्हा अंगात आला पाहिजे.
जावयाशी काय बोलायचं त्याची तयारी. शांत, मोजकं, मुद्द्याचं. माझ्या आवाजाला वजन आहे असं पूर्वी लोक म्हणायचे.

१३ मे
दिवसभर उभं राहून तक्रारी घेतल्या. साहेबांनी विचारलं, मूळव्याध का. या लोकांत राहून माणसाचं मन मरतं. उद्यापासून अर्धा दिवस उभं राहायचं.

२ जून
टी-शर्ट डोक्यातून जातो, पण पोटावर थांबतो. धुतल्यावर आटला असणार. पूर्वी कापड असं नव्हतं.
जावयासाठी पहिलं वाक्य तयार: "हे बघा, मी मुलीचा बाप म्हणून नाही, एक माणूस म्हणून बोलतोय." चांगलं आहे. दुसरं सुचत नाही.

२३ जून
पोचलो. बबडी विमानतळावर आली होती. वाळली आहे. मी म्हटलं, बारीक झालीस, छान दिसतेस. तिने माझी ट्रॉली ढकलायला घेतली. मग म्हणाली, बाबा, मला बबडी म्हणू नका, मी चौतिशीला आले.
दमली असेल.
फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण दार बंद होताना झटका देते. धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. तिला म्हटलं, कंप्लेंट कर. ती म्हणाली, बाबा, सध्या माझ्याकडे दुसऱ्या कंप्लेंट आहेत. विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे.
खाली एक निवृत्त बस ड्रायव्हर राहतो. जिन्यात भेटला. माझी बॅग न विचारता उचलून वर आणली. जरा आगाऊ वाटला.

२४ जून, दुपारी
बबडी म्हणाली, तुम्ही शनिवारी इथे आहात ते फार बरं झालं. जावई शनिवारी दुपारी सामान न्यायला येणार आहे. सोबत भाऊ आणि एक मित्र. ती म्हणाली, मागच्या वेळी आला तेव्हा दार आपटून दाराची कडी तुटली. मी एकटी नको. तुम्ही काही बोलू नका, फक्त घरात असा.
शनिवार म्हणजे कॉन्सर्टचा दिवस.
मी म्हटलं, अर्थात.
विचार केला. जावई दुपारी येणार, बँड संध्याकाळी उशिरा. इथे उन्हाळ्यात अंधारही लवकर पडत नाही. दोन्ही सहज जमेल. उलट ती त्या गोंधळातून मोकळी होईल तोवर मी खिशातून दुसरं तिकीट काढेन. काय चेहरा होईल तिचा. लहानपणी मी कॅसेट लावली की दाराशी येऊन गप्प उभी राहायची. सबंध बाजू संपेपर्यंत हलायची नाही. एवढ्याशा मुलीला असा कान.

२५ जून
न राहवून तिकीट आजच दाखवलं.
तिने ते हातात घेतलं. मग तारीख वाचली. विचारलं, हे कधी काढलं होतंत. मी म्हटलं, मेच्या सुरुवातीला. ती म्हणाली, म्हणजे माझा फोन यायच्या आधी. मी म्हटलं, हो, बघ ना, काय योग.
ती हसली. पण ते हसू मला नीट कळलं नाही.
मग मी कॅसेटची आठवण काढली. म्हणाली, बाबा, मी दाराशी गाणं ऐकायला नाही उभी राहायचे. वहीवर तुमची सही हवी असायची. मध्ये बोललं की तुम्ही ओरडायचात, म्हणून संपायची वाट बघायचे.
मुलांच्या आठवणी अशाच. सोयीच्या तेवढ्याच ठेवतात. मी ओरडत नसे. आवाजाला वजन आहे एवढंच.
तिकीट तिने टेबलावर ठेवलं. मी शनिवारी कुठेही जाणार नाही, म्हणाली. दोन दिवसांत विरघळेल.

२७ जून, शनिवार, दुपारी
तीन वाजता येतो म्हणालेला जावई चारपर्यंत नाही. मग त्याने फोन करून सांगितलं, गाडी मिळायला उशीर, सहापर्यंत येतो. असल्या माणसाच्या हाती मी मुलगी दिली.
मैदानाचं फाटक उघडलं असणार. उशिरा गेलं तर माणसांच्या पाठी बघत उभं राहावं लागतं. मी काही स्वतःसाठी सांगत नाही, पण तीस-पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाठीमागून पाहायचं, याला काय अर्थ आहे.
बबडीला नीट समजावलं. म्हटलं, जावई तसा पापभिरू आहे, चारचौघांत आवाज चढवणारा नाही. आणि मी कुठे दूर जातोय. फोन चालू ठेवतो. काही वाटलं तर एक रिंग दे, उडी मारून येतो.
ती भांडी पुसत होती. म्हणाली, जा बाबा.
दोनदा विचारलं, नक्की ना. दोन्ही वेळा जा म्हणाली. म्हणजे मनापासून.
टी-शर्टवर जॅकेट घातलं. बाहेर ऊन आहे, पण पोट झाकलं जातं.

२८ जून, रविवार, सकाळी
काल झोप लागली नाही. क्रमाने लिहितो, म्हणजे उगाच कुणी काही लावून घ्यायला नको.
फाटकावरच्या गार्डने दुसरं तिकीट पाहून विचारलं, सोबतची व्यक्ती कुठे. म्हटलं, मुलगी आहे, येतेय मागून. तो म्हणाला, उशीर करू नका. चांगला माणूस.
जागा मस्त मिळाली. तिसरी रांग. भोवती सगळी विशी-बाविशीची पोरं. त्यांना पहिल्या अल्बमबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. एक मुलगी ऐकत होती. मग तिने कानात कापूस घातला, आवाजासाठीच असणार.
बँड यायच्या आधी दुसरे दोन बँड वाजले. त्यात पाय गेले. सराव होता, पण मधे खुर्चीवर बसायची सवय पुन्हा लागली होती. डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं झालं. मी पडलो नाही, टेकलो. प्रथमोपचारवाल्या दोघी आल्या आणि मला धरून कडेला घेऊन गेल्या. मी सांगत होतो, मला काही झालेलं नाही. एकीने विचारलं, तुमच्यासोबत कोण आहे. म्हटलं, मुलगी.
कडेला म्हाताऱ्यांसाठी आणि प्लास्टरवाल्यांसाठी खुर्च्या होत्या. तिथून स्टेज दिसतच नाही, स्क्रीन दिसतो. म्हणजे घरी टीव्हीवर दिसतं तेच, फक्त वारा जास्त.
गायक आला. केस काळे केलेले. पहिली दोन गाणी त्याने म्हटली, पुढची लोकांनी. उंच सूर आले की तो माइक गर्दीकडे धरायचा. मला ते आवडलं. चाहत्यांवर विश्वास लागतो त्याला.
मग ते गाणं. त्याची सुरुवात वाजली आणि मी फोन काढला. मनात आलं, बबडीसाठी रेकॉर्ड करू. तिला तरी ऐकवू. हात स्थिर धरला होता. कडव्यापर्यंत एकदम सुंदर आलं होतं आणि तेवढ्यात फोन वाजला. तिचाच.
कट केला. नंतर करणारच होतो.
पुन्हा आला. पुन्हा कट केला. गाण्याच्या मध्ये काय बोलणार, ऐकू तरी काय येणार. तिसऱ्यांदा आला नाही. तेव्हा वाटलं, किरकोळ काहीतरी असणार.
गाणं संपल्यावर लावला, तर उचलला नाही. बाकीची गाणी नीट ऐकता आली नाहीत. अर्ध्यावरून निघालो, हेही लिहून ठेवतो. शेवटच्या दोन गाण्यांवर पाणी सोडलं मी.
घराचं दार सताड उघडं. कपाट नाही, टेबल नाही, पलंग नाही. फरशीवर त्यांच्या जागा तेवढ्या उजळ. बबडी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली आणि समोर स्टुलावर तो बस ड्रायव्हर, हातात चहा.
त्यानेच सांगितलं. पलंग कुणाचा यावरून सुरू झालं. पलंग बबडीच्या पगारातला. जावयाने तिचा दंड धरून बाजूला ओढलं. ती स्वयंपाकघरात शिरली आणि आतून दार लावून घेतलं. जावई दारावर लाथा मारत होता. आवाज ऐकून हा वर आला आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. काही बोलला नाही म्हणे. ते तिघे सामान घेऊन निघून जाईपर्यंत तसाच उभा.
मी त्याचे आभार मानले. पण खरं सांगायचं तर परक्या माणसाने घरगुती गोष्टीत इतकं पडू नये.
बबडीच्या दंडावर बोटं उमटली आहेत. मी म्हटलं, बर्फ लाव. तिने आधीच लावला होता.

२८ जून, दुपारी
वातावरण हलकं करावं म्हणून तिला रेकॉर्डिंग दाखवलं. म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं. कडव्याच्या मध्येच तुटतं ते.
तिने विचारलं, हे इथे का थांबलं. मी सांगितलं, तुझा फोन आला ना तेव्हा.
ती म्हणाली, म्हणजे फोन तुमच्या हातातच होता.
मी काही बोलणार होतो. जावयासाठी तयार केलेलं वाक्यच तेवढं आठवलं. एक माणूस म्हणून बोलतोय वगैरे. ते इथे बसत नव्हतं.
तिने फोन परत दिला. बरं, म्हणाली. ओरडली असती तर समजावता आलं असतं.

३० जून
आज तिने माझं परतीचं तिकीट अलीकडचं करून आणलं. म्हणाली, तुम्हाला चक्कर आली होती, घरी जाऊन डॉक्टरांना दाखवा. किती काळजी करते. मी म्हटलं, मी अजून राहू शकतो, रजा आहे. म्हणाली, नको.
दुपारी लिफ्टचं दार स्वतः बघितलं. नुसता स्क्रू ढिला होता. घट्ट करून दिला. तिला सांगितलं, तर म्हणाली, मी जिन्यानेच जाते.

२ जुलै, विमानतळावर
खालच्या बस ड्रायव्हरच्या गाडीतून आलो. बबडी पुढे बसली, मी मागे. सगळा रस्ता ती त्याच्याशी बोलत होती. नवी कडी कुठली बसवायची वगैरे. मीही सांगू शकलो असतो.
निघताना मी तिला विचारलं, आईला काय सांगू. ती म्हणाली, काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मग वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता गेली. संस्कार आहेत.

४ जुलै, सकाळी
घरी पोचलो. हिचा गुडघा बरा आहे. काठी सुटली.
चहा घेताना हिने विचारलं, शनिवारी काय झालं ते सांगा. सगळं खरं सांगून तिला त्रास कशाला द्यायचा, आजारातून उठलेलं माणूस. मी म्हटलं, मी होतो ना. जावयाने दंड धरला, तेव्हा मी मध्ये पडलो. बबडीला आत पाठवलं आणि दारासमोर हाताची घडी घालून उभा राहिलो. काही बोललो नाही. ते सामान नेईपर्यंत हललो नाही. जावई माझ्या नजरेला नजर देत नव्हता.
सांगता सांगता मलाच भरून आलं. मी तिथे असतो तर हेच केलं असतं, त्यात खोटं काय.
हिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. कप उचलले, आत नेले, विसळून पालथे घातले. पदराला हात पुसत बाहेर आली.
म्हणाली, आणि गाणी कशी झाली.
मी म्हटलं, आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही.