दारावरचा तुझा आवाज

प्रिय ठमे,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. इथे मध्ये बोलता येणार नाही, ते एक बरं. दारावर तू बसवलेल्या बेलबद्दल सांगायचंय. बेल चांगली आहे. पण तिच्यातून बोलून तू एका माणसाला परत पाठवलंस, तो माणूस पुन्हा आला नाही, आणि ते मला चालणार नाही. पण नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील आई काहीतरीच बोलते.

बेल घ्यायची कल्पना तुझी, आणि ती बरोबर होती. शिवणाचं मशीन चालू असलं की मला जुनी बेल ऐकूच यायची नाही. गिऱ्हाईक दार वाजवून वाजवून कंटाळायचं आणि कपडे उचलून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जायचं. तू सुट्टीला आलीस तेव्हा मला दुकानात घेऊन गेलीस. दुकानदाराने पाच खोकी मांडली. तू चित्र किती स्पष्ट ते बघत होतीस. तो म्हणाला, ताई, समोरच्याच्या गालावरचा तीळसुद्धा दिसेल. मी म्हटलं, तीळ बघून मला त्याची सोयरीक जुळवायचीय का? मशीनच्या आवाजात ऐकू येईल का ते सांग. म्हणे, फोनवर वाजेल. आता माझा फोन दिवसभर कपड्यांच्या ढिगाखाली असतो. मग त्याने घरात आत लावायचा वेगळा भोंगा काढला. हे आधी नाही सांगायचं. तुला वायरची बेल हवी होती, चार्जिंगची कटकट नको म्हणून. त्यासाठी चौकट फोडावी लागणार होती, म्हणून मी बॅटरीची घ्यायला लावली. दोन स्क्रू काढायचे आणि चार्जिंगला लावायची. मशीनचा पट्टा, सुई, बॉबिन सगळं मी माझ्या हाताने काढते-घालते, दोन स्क्रूचं काय कौतुक. आणि उंबऱ्यापर्यंत दिसणारीच घे म्हटलं, कारण लोक पिशव्या खाली ठेवून जातात. त्यावर तू म्हणालीस, आई, तू तर एक्स्पर्ट झालीस. झालेच.

सुरुवातीला वैताग होता. जिन्यावरून मांजर गेलं तरी तुझ्या फोनला कळायचं आणि तू मीटिंगमधून मला फोन करायचीस, आई, दारात कोण आहे? कोण असणार, वरची मास्तरीण शाळेला निघालीय. मग तू तिकडून त्या चित्रावर रेघ मारलीस, रेघेच्या अलीकडे आलं तरच वाजायचं, तेव्हा थांबलं. आता सगळ्यांना सवय झालीय. शेजारीण रोज बाहेर पडताना बेलच्या काचेत केस नीट करते, तिला वाटतं कुणाला दिसत नाही. मास्तरीण पर्सची तुटकी चेन बेलसमोर धरते, मी ढिगातून फोन ओढून मशीनवरूनच सांगते, ठेवा खाली, परवा न्या. पॅडलवरचा पाय काढावा लागत नाही. त्याचं श्रेय तुला.

पण बेल वाजली की ती तुझ्याही फोनवर वाजते, आणि माझे हात कापडात असतात तोवर तू उचललेली असतेस. कोण आपण? काय काम आहे? आधी फोन केला होता का? परवा एक पँट आखूड करायला आला होता, त्या बिचाऱ्याने भिंतीला स्वतःचं पूर्ण नाव आणि ऑफिसचा पत्ता सांगितला. आत आला तो घाम पुसत. म्हणाला, मावशी, मुलगी पोलिसात आहे का? मी म्हटलं, बँकेत आहे, पण स्वभाव तिकडचा आहे. मी हसले, तोही हसला. उंटावरून शेळ्या हाकतेय, हाकू दे, लांब असते, तिलाही काळजी, असं मी म्हणत आले.

आता त्या माणसाचं, म्हणजे आपल्या मशीन दुरुस्तीवाल्यांचं. तुला ते बेलमध्ये दिसायचे. तू विचारलंस, आई, याच आठवड्यात ते दुसऱ्यांदा आले, एवढं बिघडतं काय? मी म्हटलं, पट्टा. पुढच्या खेपेला म्हटलं, तेल. तू म्हणालीस, हा माणूस तुला लुबाडतोय, आणि मला न विचारता नवीन मशीन मागवून मोकळी झालीस. त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ते आले, बेल वाजली, आणि तू बोललीस. उचलली जीभ लावली टाळ्याला. काका, नवीन मशीन येतंय, आता तुमची गरज नाही, उगाच येत जाऊ नका. मी नंतर ते फोनमध्ये बघितलं. तू बघितलं नसशील, कारण तू बोलून लगेच बंद केलंस. त्यांनी आत यायचं म्हणून पायपुसण्याला पाय पुसून घेतले होते. ते बरं म्हणाले. मग थोडं पुढे वाकले आणि बेलला विचारलं, बाई जेवल्या का? पलीकडे कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबले आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर आलेच नाहीत. मी वाट बघितली, मग उठून त्यांच्या दुकानात गेले. एक मोटर उघडून बसले होते. मी म्हटलं, यायचं का सोडलंत? म्हणाले, तुमची मुलगी बोलली ते बरोबरच आहे, काम नसताना मी येतच होतो. मी म्हटलं, मग तिला सांगायचं ना, तोंड नाही का तुम्हाला? तर म्हणे, भिंतीला काय सांगू? या माणसाला सुईत दोरा ओवायला दुपार लागते, त्यांच्या बोलण्याची वाट बघत बसले असते तर जन्म गेला असता. म्हणून जे बोलायचं ते मीच बोलले. त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. तो टेबलाखाली इतका वेळ शोधत राहिले की मला वाटलं आता बाहेर येतच नाहीत. आले आणि म्हणाले, मुलीचं काय? आधी तिचं.

तर ऐक. आम्ही दोघं लग्न करणार आहोत, कचेरीत सही करून, गाजावाजा नाही. तुझे बाबा गेल्यापासून मी एकटीने सगळं केलं, ते तुला माहीत आहे, त्याचं पुराण लावत नाही. मशीन एकदाही बिघडलं नव्हतं. ते उघडायचे, पुन्हा लावायचे, आणि आम्ही बोलत बसायचो. नवीन मशीन परत पाठव. मी तुझी परवानगी मागत नाहीये, पण ते मागतायत. मुलीने नको सांगितलंय, आता तिने या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, असं धरून बसलेत. गरीब माणसाचा हट्ट फार वाईट. म्हणून हे पत्र. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी चार वाजता ते येऊन बेल दाबतील. भोंगा मला ऐकू येईल, पण मी उठणार नाही. तू उचल. त्यांना नीट बघ, बंद करायची घाई करू नकोस, आणि आत या म्हण. मग मी दार उघडीन. तू नाही म्हणालीस तर ते आल्या पावली परत जातील, त्यांचं मला माहीत आहे. आणि त्यांच्यामागून मी जिना उतरेन. तेही तुला दिसेल.

आणखी कुणाची झाले तरी तुझीच,
आई