बाजूला बसायचे दिवस

१४ जून, शुक्रवार
आज बाजूला बसले. सासूबाईंना म्हटलं, कावळा शिवला. कसला कावळा! पिशवी काढून सव्वा वर्ष झालं. त्यांना ठाऊक आहे ते इतकंच — नाशिकला पोटातली गाठ काढली. गोकुळच म्हणाला होता, "आयला सांगू नको. मूल होणार नाय कळला तं दुसरी बायको करायला लावील." म्हणून दर महिन्याला चार दिवस हे सोंग. शाळेतून आले की मी ओटीवर गोधडीत, आणि त्या गुडघे धरून चुलीपाशी. लाज वाटते.

१६ जून
छाती दुखतेय. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, अंडाशय ठेवलेत, असं होणार. रक्त नाही, पण दुखणं महिन्याच्या महिन्याला हजर! तेहतीस वर्षांची आहे मी. पहिलीची पोरं 'बाई, बाई' करत अंगाला चिकटतात तेव्हा रडू येतं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

२० जुलै
घात झाला. बारा तारखेला बसायचं होतं! सकाळी शाळा, आल्यावर आवणी. चिखलात वाकून रोपं लावताना तारखेचं भानच राहिलं नाही.

२२ जुलै
सासूबाईंनी डोक्यावरचा हंडा काढून घेतला. "नको उचलू. मना कळलाय." ताटात दोन अंडी! वर्षभर घड्याळासारखी बसते ना मी, मग दहा दिवस वर गेले की त्या दुसरं काय समजणार? संध्याकाळी शेजारची सकू म्हणाली, "गोड बातमी म्हणं!" मी हसले. क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

२४ जुलै
सांगितलं. सगळं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. मग, "वर्षभर मना खोट्यानं भाकरी थापाय लावल्यास?" मी पाय धरले. "ऊठ. दुसरी कशाला आणू? मना एवढी वाईट समजलीस?" दोघी रडलो. मी उगाच घाबरले यांना — आणि पोर तर त्यांनाही हवं होतं.

२७ जुलै, शनिवार
गोकुळ भिवंडीहून आला. कुणीतरी त्याला फोनवर 'बातमी' दिली होती. 'मला पोराचं काय नाय' म्हणणारा हा माणूस! चपलाही न काढता आत आला, हळूच म्हणाला, "डॉक्टरची चूक झाली असंल का गं?"
ऑपरेशनच्या कागदावर सही त्यानेच केली होती.