दीक्षाची बिननंबरची गाडी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

दीक्षाची गाडी गेली. चोरीला.

सकाळी तीच आधी उठली. मागच्या टिनाच्या शेडचं दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून डोकावली आणि मला हाक मारली – मोठ्याने नाही, रोजच्याच आवाजात. जाऊन पाहतो तर पुढचं चाक तेवढं खांबाला साखळीने बांधलेलं. बाकी गाडी नाही! साखळी मीच लावायचो, पुढच्या चाकातून. चोरांनी कुलपाला हातही लावला नाही. चाक सोडवलं, तिथेच ठेवलं आणि गाडी उचलून नेली.

आई सुनेसाठी चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून त्या चाकाकडे बघत राहिली. दीक्षा चाकापाशी खाली बसली, स्पोकवरची वाळलेली माती नखाने काढत. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मला काहीतरी करता आलं असतं.

कंपनीत सुट्टी कळवली. दिवसभर दोघंही घरीच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पोलीस ठाण्यात जाऊन आलो. हवालदार प्रेमानंद म्हणून आहेत, वयाने मोठे, सावकाश बोलणारे. पहिलाच प्रश्न – गाडीचा नंबर?

नंबर नाही. ते पेन धरून थांबले. मग दीक्षाने समजावून सांगितलं. ही शर्यतीची मोटरसायकल आहे, मातीच्या ट्रॅकवर पळवायची. रस्त्यावर आणायची परवानगीच नाही, म्हणून आरटीओत नोंद नाही, नंबरप्लेट नाही, हेडलाइट नाही, आरसे नाहीत. सरावाला नेतो तेही छोट्या टेम्पोत टाकून. ओळख एवढीच – हँडलखालच्या नळीवर ठोकलेला चासी नंबर आणि खरेदीचं बिल. बिल पुण्याच्या एका मुलाने दिलेलं, त्याच्याकडूनच आपण सेकंडहँड घेतली होती.

त्यांनी सगळं उतरवून घेतलं. मग विचारलं, रस्त्यावर चालवताच येत नाही, तर चोर तिचं करणार काय?

दीक्षा म्हणाली, एकतर पार्ट सुटे करून विकतात, नाहीतर गावाकडे कोणी शेतात फिरवायला घेतं. मी खुर्चीच्या मागून तिच्या पाठीवर हात ठेवला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रात्री गाढ झोपलो. लिहायलाही लाज वाटते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

खरं लिहायला ही एकच जागा आहे, म्हणून लिहितो. गाडी गेली याचं मला वाईट वाटतं, आणि बरंही वाटतं.

मागच्या वर्षी पुण्याच्या शर्यतीत ती उडीवरून खाली आली ती आडवीच. कॉलरबोनचे दोन तुकडे. मी दोरी ओलांडून धावलो तेव्हा ती मातीत पडली होती, हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, आणि मलाच म्हणत होती, घाबरू नको गा. तेव्हापासून तिचा प्रत्येक सराव मी दात आवळून पाहतो. ती शाळेत पोरींना खेळ शिकवते. कुठल्याही पोरीला कधी "जपून" म्हणत नाही. मग मी तरी तिला कसं म्हणू? म्हटलंही नाही कधी.

उलट ती बरी झाली तेव्हा गाडीच्या रेडिएटरला दगड लागू नये म्हणून मीच ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जाळी करून दिली. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो, पण माझी स्वतःची भोकं काही एका ओळीत आली नाहीत. तिसऱ्या रांगेत तर ड्रिल चांगलंच घसरलं. नवीन करतो म्हटलं, तर हीच पाहिजे म्हणाली.

भीतीही वाटते आणि जाळीही करून देतो. असा मी.

रविवार, १६ नोव्हेंबर

दीक्षाने शर्यतवाल्यांच्या ग्रुपवर गाडीचे फोटो टाकले होते. आज नाशिकच्या एका जुन्या रायडरचा फोन आला. त्याचीही गेली होती, परत मिळाली नाही. त्याने विचारलं, मोबाइलवर सरावाचा नकाशा ठेवता का?

ठेवतो! हिंगण्याच्या पुढच्या मुरमाच्या मैदानावर किती फेऱ्या झाल्या ते तिच्या ॲपमध्ये आपोआप चढतं आणि कोणालाही दिसतं. दीक्षाने उघडून दाखवलं. सराव संपल्यावर ॲप बंद करायचं राहून जातं, म्हणून मैदानावरून निघालेली निळी रेघ टेम्पोसोबत वाडीमार्गे येते आणि बरोबर आपल्या शेडपाशी थांबते. वरून शेडमध्ये गाडी धुतानाचा व्हिडिओही तिनेच टाकलेला. साखळी कुठून घातली आहे तेही त्यात नीट दिसतं.

आपणच पत्ता दिला, ती म्हणाली. मग बसून सगळं पुसलं. त्या रायडरनेच सांगितलं की साखळी कधीही चाकातून घालायची नाही, सांगाड्यातून घालायची, आणि भिंतीत पक्कं कडं बसवायचं. हे आता कळून काय उपयोग!

दुपारी दोघं स्कूटरवर स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरलो. फोटो दिले, फोन नंबर दिले. परत येताना ती मागे बसली होती, डोकं माझ्या पाठीला टेकवून.

बुधवार, १९ नोव्हेंबर

गाडी दिसली.

जेवणाच्या सुट्टीत जुन्या गाड्यांच्या ॲपवर पाहत होतो. सावनेरची एक जाहिरात, "शेतासाठी उत्तम, कागद नाही". बाहेरचं प्लास्टिक लाल लावलंय, आपलं निळं होतं. पुढचं चाक भलत्याच गाडीचं. दुसरा कोणी पुढे गेला असता. पण फोटो मोठा केला तर रेडिएटरवर माझी जाळी! तिसऱ्या रांगेतलं घसरलेलं भोक.

डबा तसाच बंद केला.

घरी आलो. दीक्षा कणीक मळत होती. विचारलं, कसा गेला दिवस? म्हटलं, बरा.

एवढंच बोललो. सांगितलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आजही नाही सांगितलं. जाहिरात अजून आहे. दर तासाला बघतो. विकली गेली असेल तर बरं, असंही वाटतं आणि नसेल तर बरं, असंही.

आई म्हणाली, "सून काही बोलून नाही राहिली बाप्पा. तूच बोल तिच्याशी."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कंपनीतून आलो तर दीक्षा स्टूल काढून उभी. शर्यतीचे बूट तिने आईच्या जुन्या साडीत गुंडाळले होते. माळ्यावर ठेवायचे म्हणाली, इथे उगाच धूळ खातात. स्टूल धर, हलते.

मी स्टूल धरलं. ती चढली. एक बूट वर गेला. दुसऱ्यासाठी तिने हात खाली केला आणि तो मला देववेना. पोटाशी धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "गाडी सावनेरला आहे."

ती स्टुलावरच उभी राहिली. खाली माझ्याकडे पाहत.

"तुले कधी दिसली?"

"परवा."

"मग परवा काहून नाही सांगितलं?"

सांगितलं सगळं. पुण्याचं, दात आवळण्याचं, गेल्या आठवड्यात शांत झोपलो तेही. वाटलं, आता ही चिडेल. माझ्या हातात तो साडीत गुंडाळलेला बूट तसाच. ती हळूच खाली उतरली, माझ्या खांद्याला धरून. तिचे डोळे भरलेले होते, पण रागाचं काही दिसलं नाही. मला अजून कळलं नाही ते काय होतं.

म्हणाली, हवालदार साहेबांना फोन लाव. आपण एकटे जायचं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

सापडली!

प्रेमानंद साहेब साध्या कपड्यांत आमच्या सोबत आले, आणखी एक जण सावनेर ठाण्याचा. मी गिऱ्हाईक म्हणून आधीच फोन केला होता. गावाबाहेर एका माणसाचं गॅरेज आहे. त्याने गाडी बाहेर काढली. दीक्षा ओढणी तोंडाला बांधून मागे उभी होती. गाडी पाहिल्यावर ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. मी तिचा हात धरला.

चासी नंबर घासून काढलेला होता. वरून काळा रंग. आता कशावरून आपली म्हणणार? जाळी तर कोणीही करेल.

दीक्षाने पाना मागितला. सीट काढली. आत, सांगाड्याच्या पट्टीवर, कोरलेला मोबाइल नंबर. माझा! तिचा नाही, माझा. मला हे माहीतच नव्हतं. प्रेमानंद साहेबांनी तिथेच तो नंबर लावला आणि माझ्या खिशात फोन वाजला. गॅरेजवाल्याने मान खाली घातली. दोन पोरांकडून घेतली म्हणाला, त्यांची नावंही दिली. पुढचं पोलीस बघतील.

परतताना विचारलं, माझा नंबर का कोरला? म्हणाली, "सापडली तर फोन तुलेच यावा. मी तं रडत बसली असती."

आणि मग खरंच रडली. सावनेरपासून कोराडीपर्यंत.

मंगळवार, २ डिसेंबर

कोर्टाच्या आदेशावर गाडी ताब्यात मिळाली. खरेदीचं बिल जपून ठेवलं होतं म्हणून. आईने गाडीवरून हात फिरवला आणि लाल रंग चांगला नाही म्हणाली.

शनिवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. सकाळी तिघं संविधान चौकात जाऊन आलो. दुपारी शेडच्या भिंतीत काँक्रीट भरून लोखंडी कडं बसवलं. जाड साखळी, सांगाड्यातून. दीक्षा घमेलं धरून होती. काँक्रीट सुकायच्या आत तिने कडं दोनदा ओढून पाहिलं. रागावलो तर हसली.

गाडीत लपवायचा छोटा ट्रॅकरही मागवलाय.

रविवार, १४ डिसेंबर

पहिला सराव. मुरमाच्या मैदानावर मी दोरीपाशी उभा. उडीवरून ती वर गेली तेव्हा माझे दात आवळलेलेच. ते बदलणार नाही. पण ती परत आली, हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले, आणि आधी माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी माळ्यावर ठेवायला निघालो होतो.

सोमवार, १५ डिसेंबर

चहा घेताना दीक्षाने सांगितलं – सावनेरची ती जाहिरात तिने मला दिसली त्याच्या आदल्या दिवशीच पाहिली होती. बूट बांधले ते म्हणून.

मी विचारलं, सांगितलं काहून नाही?

"मी पडली तेव्हापासून तुझं गाणं बंद झालं होतं," ती म्हणाली. "गाडी गेल्यावर तू अंघोळीत गाऊन राहिला होता. म्हटलं, जाऊ दे गाडी."