टोपलीचं बूड

किशोर,

मुंबईच्या प्रदर्शनात लावलेला आपल्या पणजीचा जुना फोटो तू मोबाईलवर पाठवलास. खाली लिवलंस, "बिचारी किती घाबरलीय, मान पण वर नाय केली." ते मला टोचलं रं.

फोटो मोठा करून बघ. तिच्या पायाखाली टोपलीचं बूड हाय आणि पहिला वेढा अजून पुरा झाला नाय. आपल्या घरात बूड विणताना बाई मान वर करत नाय, दारात कोणी का येईना. आईनं मला हेच पहिलं शिकवलं, तू तवा शाळेत असायचास. फोटो काढणारा साहेब कॅमेरा लावून ताटकळला असंल, पण पणजीनं वेढा सोडला नाय.

काल पळसदरीचं धरण बघायला आलेली एक पोरगी कॅमेरा घेऊन आपल्या अंगणात आली. "मावशी, इकडे बघा ना," म्हणाली. मी बूड विणत होते. शेवटी तिनं तसाच माझा फोटो काढला. वेढा पुरा झाल्यावर मी वर बघितलं आणि तिला चहा दिला. फोटो मोबाईलवर धाडते म्हणाली.

हे पत्र काय मी धाडत नाय. त्या पोरीनं काढलेला फोटो आला की तोच तुला धाडीन. मग सांग, बाई घाबरलीय का.

तुझी ताई,
सुनंदा